आज घ्यावा कीं थांबावें?

ज्या घरीं कॉलेजांत शिकणारीं मुलें आहेत, त्या घरीं संगणकाचा प्रश्न आज ना उद्यां निघतोच. आमच्या घरीं तो निघाला खरा. पण दोन वर्षें निकालांत निघेना.

पुतण्या अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याचा संगणक २०१८ सालचा. मोठे आराखडे काढतांना तो इतका रेंगाळे कीं मुलगा कंटाळून रात्रीं मित्राच्या घरीं काम करावयास जाई. त्याला नवा प्रोसेसर हवा होता. सारी आकडेमोड करणारा, संगणकाचा मेंदूच म्हणा ना! आमचे थोरले बंधु म्हणत, "दोन महिने थांब. नवा निघतो आहे. निदान आतांचा तरी स्वस्त होईल." दोन महिन्यांनीं नवा निघे, तोंवर त्याच्याही पुढच्याची वार्ता येऊन थडके. अखेर एके रात्रीं वहिनींनीं विचारलें, "मुलगा अकराला घरीं येतो. त्या जागरणाची किंमत तुमच्या हिशेबांत कोठें मांडली आहे?"

बंधूंचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. पुढें इंटेल कंपनीच्या संस्थापकांपैकीं एक झालेले गॉर्डन मूर यांनीं १९६५ सालीं दाखवून दिलें कीं एका चिपवर मावणाऱ्या भागांची संख्या दरसाल दुप्पट होत आहे. १९७५ सालीं त्यांनीं ही मुदत दोन वर्षांची केली. १९७१ च्या इंटेल ४००४ या प्रोसेसरमध्यें सुमारें २,३०० ट्रान्झिस्टर होते. २०२० च्या ॲपल एम-१ या चिपमध्यें १,६०० कोटी! तेव्हां थांबणाराला उद्यां अधिक चांगली वस्तु मिळते, हें खरेंच. पण हें आज जितकें खरें, तितकेंच पुढच्या वर्षींही खरें असणार. आणि जें कारण रोजच लागू पडतें, तें कोणताच दिवस ठरवून देत नाहीं.

स्वस्ताईचाही नेहमीं भरंवसा धरतां येत नाहीं. २०२५ च्या उत्तरार्धांत कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीं उभारलेल्या प्रचंड संगणक-केंद्रांकडून मेमरीला इतकी मागणी आली कीं घरगुती संगणकाच्या मेमरीचे भावही भराभर चढले. जे स्वस्ताईसाठीं थांबले होते, त्यांना थांबण्याचाच दंड पडला.

मग ठरवावें कसें? आम्हीं सर्व एकत्र बसून तीन प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न: काम नेमकें कशामुळें अडतें? पुष्कळदां दोष प्रोसेसरचा नसतोच. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविली, किंवा मेमरी वाढविली, तरी संगणकाला तरतरी येते. यासाठीं काम चालू असतांना विंडोजमधील 'टास्क मॅनेजर' उघडून पाहावें. आमच्या संगणकांत मेमरी निम्मी रिकामी होती आणि प्रोसेसर मात्र शंभर टक्के राबत होता. निदान पक्कें झालें.

दुसरा प्रश्न: ज्याची वाट पाहावयाची त्याची तारीख जाहीर झाली आहे काय? तारीख चार-सहा आठवड्यांवर असेल व काम तुंबलेलें नसेल, तर थांबणें शहाणपणाचें. कारण नवा आला म्हणजे मागचा बहुधा उतरतो. नुसती कुणकुण असेल, तर ती हिशेबांत धरूं नये.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: त्याबरोबर आणखी काय घ्यावें लागेल? प्रोसेसर ज्या खोबणींत बसतो तिला सॉकेट म्हणतात, व प्रत्येक प्रोसेसर प्रत्येक सॉकेटमध्यें बसत नाहीं. एएमडी कंपनीच्या २०२२ च्या एएम-५ सॉकेटसाठीं मदरबोर्ड नवा आणि डीडीआर-५ जातीची मेमरीही नवी लागते. उलट तिच्याच जुन्या एएम-४ सॉकेटसाठीं २०१७ पासून रायझेन प्रोसेसर निघत आले, आणि २०२२ सालींही त्यासाठीं ५८००एक्स३डी हा वेगवान प्रोसेसर निघाला.

आमचा मदरबोर्ड एएम-४ चाच निघाला! म्हणजे ज्या नव्या पिढीची दोन वर्षें वाट पाहिली, ती आमच्या संगणकांत बसणारच नव्हती. आणि जी बसणार होती, ती वाद सुरू झाला त्यापूर्वींच बाजारांत आली होती. मदरबोर्ड बनविणाराच्या यादींत तो प्रोसेसर आपल्या बोर्डाला चालतो याची खात्री केली, बायॉस अद्ययावत करून घेतलें, आणि मगच प्रोसेसर आणला. मेमरी जुनीच चालली. त्यामुळें महागाईची झळ लागली नाहीं. पैसे बंधूंनींच काढून दिले.

तात्पर्य एवढेंच कीं, काम अडलें नसेल तर खुशाल थांबावें. अडलें असेल तर आपल्या यंत्राला शोभेल तें आजच घ्यावें. यंत्राच्या किंमतींतील हजार-दोन हजारांची बचत डोळ्यांना दिसते. मुलाचें गेलेलें वर्ष मात्र कोणत्याच पावतीवर येत नाहीं.

हल्लीं पुतण्या संध्याकाळीं घरींच कामाला बसतो. बंधु अजूनही नव्या प्रोसेसरच्या बातम्या आवडीनें वाचतात. वाचावयास कोणाची हरकत आहे?