फोटोखाली आजाराचेही नाव लिहा

लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यांत दगडात कोरलेले 14 स्तूप एकत्र उभे आहेत. ते थेरांचे, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंचे आहेत. काहींवर ब्राह्मी लिपीत नावे आहेत: अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन. एवढ्या शतकांनंतरही ही नावे वाचता येतात. 27 मे 1935 रोजी माता रमाई गेल्या. पुढे पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. गेलेल्या माणसाची आठवण लिहून ठेवणे आपल्याला नवे नाही.

भिवंडीतल्या आपल्या वस्त्यांत दहन होते, त्यामुळे थडग्यावरची पाटी नसते. आठवण राहते ती भिंतीवरच्या फोटोत, जलदान विधीच्या पत्रिकेत आणि नाक्यावरच्या स्मृतिदिनाच्या बॅनरवर. तिथे नाव असते, तारीख असते. माणूस कशाने गेला, ते मात्र कुठेच नसते. विचारले तर उत्तर मिळते, "छातीत दुखलं आणि गेले." "खोकल्याने खंगली."

दहा वर्षांनी मुलगा दवाखान्यात जातो. डॉक्टर विचारतात, "घरात कोणाला शुगर, बीपी, हार्ट, टीबी?" तो गप्प बसतो. हे गप्प बसणे महागात पडते. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आईला किंवा बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, तर आपलाही धोका वाढतो. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल लवकर तपासले तर तो कमी करता येतो.

टीबीचे तर नावच लपवले जाते, पोरीचे लग्न अडेल म्हणून. पण घरात कोणाला टीबी झाला असेल, तर सोबत राहणाऱ्या सर्वांची तपासणी व्हायला हवी. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. आजार नसलेल्यांनाही गरजेप्रमाणे प्रतिबंधक गोळ्या मिळतात. लूमवर काम करणाऱ्याचा खोकला "सुताच्या धुळीचा" म्हणून सोडून देऊ नका. धुळीने दम लागतो हे खरे, पण दोन आठवड्यांपुढे खोकला राहिला तर थुंकी तपासायलाच हवी.

म्हणून आम्ही सुचवतो, फोटोच्या फ्रेममागे एक कागद ठेवा. त्यावर लिहा:

- नाव आणि गेले तेव्हाचे वय
- काम कोणते, किती वर्षे केले
- कोणते आजार होते, कधीपासून
- व्यसन असल्यास तेही
- डॉक्टरांनी सांगितलेले मृत्यूचे कारण

मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करा. महापालिकेच्या दाखल्यावर कारण छापलेले नसते. ते डॉक्टरांच्या वेगळ्या प्रमाणपत्रात असते. मृत्यू रुग्णालयात झाला असेल, तर 2023 च्या कायदादुरुस्तीनुसार त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला मिळायला हवी. ती मागून घ्या, झेरॉक्स काढा आणि जुन्या रिपोर्टांसोबत जपा.

दुःखाच्या दिवसांत मागे राहिलेल्यांकडेही पाहा. बीपी-शुगरच्या गोळ्या याच काळात चुकतात. झोप उडाली, जेवण जाईना, जगणे नको वाटू लागले, तर 14416 या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येते.

पुढच्या पुण्यानुमोदनाला घरातले सगळे जमतील. त्रिसरण-पंचशील झाले की तो कागद काढा आणि मुलांना वाचून दाखवा. आजोबा किती कष्टाळू होते, हे त्यांना कळेलच. त्यांनी स्वतःची कोणती तपासणी करून घ्यायची, हेही कळेल.

जय भीम.