कणी आणि अख्खा तांदूळ

बर्फाच्या टबात चंबू, चंबूत सल्फ्युरिक ॲसिडमध्ये कालवलेलं काळं ग्रॅफाईट. त्यात पोटॅशियम परमँगनेट चिमटीचिमटीने टाकायचं. १९५८ सालची हमर्स आणि ऑफमन यांची पद्धत: पारा २० अंशांखाली ठेवा. घाई केलीत तर आत तयार होणारं हिरवट मँगनीज हेप्टॉक्साईड भडकू शकतं. शेवटी हायड्रोजन पेरॉक्साईड ओतलं की तपकिरी राड एकदम पिवळीधमक होते. हे ग्रॅफिन ऑक्साईड. मग धुणं, अन् पुन्हा धुणं. जितकं धुवावं तितकं ते फुगतं.

बाटली हलवली की मोठ्या पापुद्र्यांच्या द्रावात रेशमासारख्या लकेरी उमटतात. तीच बाटली ध्वनिलहरींच्या यंत्रात ठेवली, पापुद्रे तुटले, की लकेरी गायब. त्या गेल्या की मला दर वेळी थोडं वाईटच वाटतं.

तोडायचं कशाला? दहा मायक्रॉन बाजूचा चौकोनी पापुद्रा शंभर नॅनोमीटरच्या चौकोनांत कापला, तर दहा हजार तुकडे होतात. क्षेत्रफळ तेवढंच, कडांची लांबी मात्र शंभर पट. युरिया मिसळून आर्गॉन वायूत आठशे अंशांवर तापवलं की नायट्रोजन कार्बनच्या जाळीत शिरतो. त्याचा पिरिडिनिक प्रकार कडांवर आणि भोकांच्या काठांवरच बसतो. इंधन घटात प्लॅटिनमऐवजी ऑक्सिजनची विक्रिया घडवायला तोच कामी येतो, असं २०१६ मध्ये जपानच्या त्सुकुबा विद्यापीठातल्या गटाने दाखवलं. वाद मात्र मिटलेला नाही.

मग बारीक ते उत्तम? तसंही नाही. तुकडे बारीक झाले की वीज एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत जाते, प्रत्येक सांध्यावर अडते. शिवाय वाळताना ते एकमेकांना चिकटले की मेहनतीने मिळवलेल्या कडा आतच दबतात.

अंजूरला घरी हे आईला सांगत होतो. गोदामांच्या रांगेत आमचं एक खाचर अजून तग धरून आहे. ती सुपात तांदूळ पाखडत होती. म्हणाली, "कणी लवकर शिजते रे, पण गोळा होते. पेजेला ठीक, जेवायला अख्खाच तांदूळ." कणी तिने डब्यात वेगळी काढली, मूठभर मात्र अख्ख्या तांदळात परत टाकली. का, ते विचारलं तर म्हणाली, "भात जरा मिळून येतो."

सोमवारी मी मोठ्या पापुद्र्यांची एक आणि तुटलेल्यांची एक, अशा दोन्ही बाटल्यांतलं थोडं थोडं एका चंबूत ओतलं. भट्टीत अजून तापतंय.