शेतकऱ्याचें घर : गारवा, उजेड आणि छपराचें ओझें

सुगी बरी साधली कीं शेतकरी दोन गोष्टींकडे वळतो. एक लग्न आणि दुसरी घर. लग्नाचा खर्च कालांतरानें विसरतां येतो, परंतु चुकलेलें घर तीस-चाळीस उन्हाळे मालकास भाजून काढतें. मराठवाडा व सोलापूर या बाजूस अलीकडे जीं नवीं घरें उठलीं त्यांपैकीं पुष्कळशीं सपाट स्लॅबाचीं अथवा पत्र्याचीं आहेत. मे महिन्यांत त्यांतील माणसें रात्रीं अंथरूण घेऊन अंगणांत येतात, आणि म्हाताऱ्यांना जुन्या माळवदाची आठवण होते. ती आठवण खोटी नाहीं, पण अपुरी आहे.

माळवदाचा गुण आणि दोष एकच, तो म्हणजे माती. लाकडी खांब व तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर फूट-दीड फूट पांढरी माती, आणि भोंवतीं दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती. एवढें जाड अंग तापूं लागतें तोंवर सूर्य कलतो. आंतल्या माणसास दुपारचा ताप फारसा पोंचत नाहीं. परंतु ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या भूकंपांत हीच माती व हेच दगड निजलेल्या माणसांवर आले. लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांत मिळून सात हजारांहून अधिक लोक मेले. भिंतीचा आंतला थर व बाहेरचा थर यांस बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणीं नव्हते, आणि सांधा नुसत्या चिखलाचा होता. हादरा बसतांच दोन्ही थर सुटले. त्यानंतर लोकांनीं दगड टाकून पत्रा धरला, याबद्दल त्यांस दोष देववत नाहीं. ओझें न वाढवितां गारवा कसा मिळेल, हा खरा प्रश्न आहे.

आमचें म्हणणें असें कीं, मातीची जाडी जें काम करीत होती त्यांतील मोठा वांटा सावली, पांढरा रंग आणि रात्रीचा वारा उचलूं शकतात. आणि या तिहींना वजन नाहीं.

प्रथम सूर्याची चाल पाहावी. लातूरच्या बाजूस मेच्या मध्यास दुपारचा सूर्य अगदीं डोक्यावर असतो. म्हणजे त्या दिवसांत सर्वांत जास्त ऊन खातें तें छप्पर, आणि त्याच्या खालोखाल पूर्व-पश्चिमेच्या भिंती. पूर्वेचें ऊन सकाळच्या थंड हवेंत येतें, म्हणून सोसवतें. पश्चिमेचें ऊन सर्व जग तापल्यावर तिरपें येतें आणि छज्जाला जुमानीत नाहीं. दक्षिणेकडे मात्र छज्जा उत्तम काम देतो. दोन फुटांचा छज्जा असला तर डिसेंबरांत भर दुपारीं त्याची सावली भिंतीवर दोन फुटांच्या आसपासच उतरते व थंडींत ऊन घरांत येतें. एप्रिलच्या मध्यास तीच सावली आठ फुटांहून खालीं जाते. यास्तव घराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, मोठ्या खिडक्या उत्तरेस व दक्षिणेस काढाव्या, आणि पश्चिमेस जिना, न्हाणी किंवा अवजारांची खोली घालावी. कित्येकजण तेथें गोठा घालतात. तें करूं नये. उन्हाळ्यांत सायंकाळचा वारा बहुधा पश्चिमेकडूनच येतो आणि गोठ्याचा वास व माशा थेट माजघरांत आणतो. त्याऐवजीं ओसरी काढावी, थोड्या अंतरावर कडुनिंब लावावा, आणि न्हाणीचें पाणी मांडवावरील वेलास सोडावें.

भिंतीसाठीं दगडाचा हट्ट नको. तिरुवनंतपुरम येथें लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनीं विटा आडव्या न ठेवतां कडेवर उभ्या रचून मध्यें पोकळी राखणाऱ्या भिंतीचा पुष्कळ प्रसार केला. नऊ इंची भिंतीस सुमारें चौथाई विटा कमी लागतात, आणि पोकळींतील हवा उष्णतेस अडविते. आपल्याकडे मात्र कोपऱ्यांत उभ्या सळ्या व दारां-खिडक्यांच्या माथ्यावर सर्व भिंतींभोवतीं काँक्रीटचा अखंड पट्टा घेतल्यावांचून ती बांधूं नये. गवंडी खर्चाचें निमित्त सांगून पट्टा टाळूं पाहील. त्याचें ऐकूं नये.

छपराविषयीं. पत्रा असल्यास त्याखालीं वीतभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्यांचें छत बांधावें, व दोन्ही टोकें मोकळीं ठेवावीं, म्हणजे मधली तापलेली हवा निघून जाते. उंदरांची सोय होते ही तक्रार खरी आहे. टोकांस बारीक जाळी मारावी. स्लॅबास चुन्याचा जाड हात द्यावा. ताजा पांढरा चुना उन्हाचा निम्म्याहून पुष्कळ अधिक ताप परतवून लावतो. पत्र्यास मात्र चुना लावूं नये, जस्त खराब होतें. पांढरा रंग द्यावा.

उजेडासाठीं खिडकी रुंद असण्यापेक्षां तिचा माथा उंच असणें महत्त्वाचें. माथ्याच्या उंचीच्या साधारण दुप्पट अंतरापर्यंत कामापुरता उजेड पोंचतो. माथा सात फुटांवर असेल तर चौदा फुटांपलीकडे स्वयंपाकघर लांबवूं नये, नाहींतर बायकांना दिवसाही दिवा लावून निवडणें-टिपणें करावें लागतें. कौलारू घरांत काचेचीं दोन-तीन कौलें उत्तरेच्या पाख्यास बसवावीं. दक्षिणेच्या पाख्यास बसविल्यास उजेडाबरोबर ऊनही येतें.

घर कितीही चांगलें असलें तरी तें वापरावें कसें हें ठाऊक हवें. आपल्या पठारावर उन्हाळ्यांत दिवसाची व रात्रीची हवा यांत बारा-पंधरा अंशांचें अंतर असतें. म्हणून सकाळीं नऊच्या सुमारास खिडक्या लावून घ्याव्या व सूर्य मावळल्यावर सर्व उघडाव्या. छताजवळचे झरोके रात्रभर उघडे असावे. त्यांस गज व जाळी बसविलेली असली म्हणजे चोराचें व विंचवाचें भय राहत नाहीं. कोंकणांतील दमट हवेस हा नियम लागू नाहीं. तेथें वारा दिवसभर खेळता पाहिजे.

ज्यांचें घर बांधून झालें आहे त्यांनीं निदान स्लॅबास चुना आणि पश्चिमेस मांडव एवढें येत्या फाल्गुनांत करून पाहावें. चुना पावसाळ्यांत धुपतो, तेव्हां दरसाल नवा हात द्यावा लागेल.