विद्यार्थ्यांचे समाधान आणि सरासरीचा आकडा

महाविद्यालयातील साधनसामग्रीविषयी विद्यार्थी कितपत समाधानी आहेत, हे एकाच आकड्याने सांगण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. तो आकडा कोणाकोणाच्या उत्तरांतून निघाला, याची चौकशी मात्र क्वचितच होते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका महाविद्यालयात कला शाखेचे ६०० व विज्ञान शाखेचे २०० विद्यार्थी आहेत. त्यांपैकी अनुक्रमे शेकडा ८० व शेकडा ४० समाधानी आहेत. एकंदर प्रमाण शेकडा ७० भरते. पुढील वर्षी ही संख्या ७०० व १०० झाली आणि दोन्ही शाखांतील प्रमाण तेच राहिले, तरी एकंदर प्रमाण ७५ होते. ना एक ग्रंथ वाढला, ना एक तराजू. अहवालात मात्र प्रगतीची नोंद होईल! अनुदानाची वाटणीही याच आकड्यावरून झाली, तर प्रयोगशाळेची निकड झाकलीच जाणार.

शाखांतील हा भेद साधनांच्या स्वरूपातून येतो. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला ठरलेल्या तासालाच ब्युरेट हाती मिळाले पाहिजे. चौघांत एक मिळाले, तर तिघे प्रयोग नुसता पाहतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याची गरज इतकी घड्याळाशी बांधलेली नसते. शिवाय समाधान हे अपेक्षासापेक्ष असते. ग्रंथालयाची पायरी न चढणारा त्याविषयी सहज समाधान व्यक्त करील. उणीव जाणवते ती नित्य वाचणाऱ्याला. यास्तव समाधानापूर्वी वापराविषयी विचारणे अगत्याचे होय.

ब्रिटनमध्ये २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विद्यार्थी पाहणीत ग्रंथालय आणि विशिष्ट उपकरणे यांविषयी प्रारंभापासून स्वतंत्र प्रश्न होते. आपल्याकडे ‘नॅक’ने २०१७ च्या चौकटीत समाधान-पाहणी आणली, तिच्या २१ प्रश्नांचा रोख मुख्यतः अध्यापन व मूल्यमापन यांवर होता. तथापि तीत विद्यार्थ्याची शाखा नोंदवली जात असे. म्हणजे शाखावार कोष्टक मांडणे अवघड नव्हते.

अशा कोष्टकात उत्तरे देणाऱ्यांची संख्या दिलीच पाहिजे. बारा जणांच्या पदव्युत्तर वर्गात एकाचे मत बदलले, तरी प्रमाण शेकडा आठांहून अधिक हलते. तेथे शेकडेवारी न काढता बाराही जणांना समक्ष विचारणे अधिक उपयुक्त ठरेल.