डोळ्यातली सुई आणि नंतरचा आठवडा

गुंजवण्यात आत्याच्या अंगणातून राजगड समोरच दिसतो. आत्याला तो कडेकडेनं दिसतो. सुवेळा माचीवर नजर ठेवली तर बालेकिल्ला जाणवतो. बालेकिल्ल्याकडे सरळ पाहिलं की तिथं करडा डाग. दाराची चौकट मध्येच वाकडी दिसते, असंही ती म्हणायची. गावानं मोतीबिंदू ठरवून टाकला, पण तो तर कधीच काढून झालेला. पुण्यात डोळ्याचा पडदा तपासला तेव्हा कळलं, की डाव्या डोळ्यात जुना व्रण आहे आणि उजव्यातही आजार सुरू झालाय. वयोमानानं डोळ्याच्या पडद्याला होणाऱ्या आजाराचा हा ‘ओला’ प्रकार. पडद्याखाली नको असलेल्या नाजूक रक्तवाहिन्या वाढतात, त्यांतून पाणी आणि रक्त झिरपतं आणि नेमकी मधली नजर जाते. त्यावर उपाय म्हणजे ठरावीक अंतरानं डोळ्यात इंजेक्शन.

“डोळ्यात सुई? आरं, उरलेला डोळाबी घालवता का काय?” आत्यानं विचारलं. हा प्रश्न रास्त होता.

पहाटे साखर, मार्गासनी, नसरापूर ही गावं करत पुणं गाठायचं. आधी रक्तदाब आणि साखर तपासतात. अलीकडे हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल तर तो इथंच सांगायचा, कारण रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या या औषधाचा थोडा अंश रक्तातही उतरतो. मग पडद्याचा स्कॅन, बधिर करणारे थेंब आणि संमतीपत्र.

डॉक्टरांनी मला टोपी-मास्क घालून आत उभं राहू दिलं. पापण्या चिमट्यानं उघड्या धरल्या आणि तपकिरी पोव्हिडोन आयोडीन डोळ्यात सोडलं. आत्या कळवळली. डोळा बधिर असला तरी हे औषध चुरचुरतं. सिस्टर मात्र घड्याळाकडे बघत थांबली. या सगळ्या कामात मला सर्वांत मोलाचं वाटलं ते हे थांबणं. पापणीच्या कडेला राहणारे जंतू या औषधानं मरतात, पण त्याला वेळ द्यावा लागतो. सुई टोचताना कुणी बोलायचंही नाही. बोलताना तोंडातले जंतू उडतात. मोतीबिंदू काढलेला असल्यानं बुबुळाच्या कडेपासून साडेतीन मिलिमीटर मोजून खूण केली. नैसर्गिक भिंग असतं तर चार मोजले असते. तिथून आत गेलं तर पडदाही वाचतो, भिंगही. “खाली बघा, आजी.” केसासारखी सुई, औषध 0.05 मिलिलिटर. लगेच डॉक्टरांनी बोटं दाखवली. आत्यानं ती मोजली, म्हणजे डोळ्यातला दाब फार चढलेला नव्हता.

धोके खरे आहेत. दाब वाढणं, आत रक्त उतरणं, सूज येणं, क्वचित पडदा सुटणं. सर्वांत भयंकर म्हणजे डोळ्याच्या आतला जंतुसंसर्ग. तो साधारण दोन-तीन हजार इंजेक्शनांमागे एखाद्या वेळी होतो, पण झाला तर काही दिवसांत डोळा जाऊ शकतो.

औषधाच्या कुपीचीही एक गोष्ट आहे. या इंजेक्शनात वापरलं जाणारं बेव्हासिझुमॅब हे मूळचं कर्करोगाचं औषध. डोळ्यासाठी त्याला वेगळी मंजुरी नसतानाही 2005 पासून डॉक्टर ते वापरत आले. 2011 साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत नजरेच्या बाबतीत ते रॅनिबिझुमॅब या महागड्या औषधाच्या तोडीचं ठरलं. एका मोठ्या कुपीतून कित्येक डोळ्यांचे डोस काढता येतात म्हणून ते स्वस्त पडतं; पण कुपी दूषित किंवा बनावट निघाली तर एकाच दिवशी कित्येक डोळे धोक्यात येतात. जानेवारी 2016 मध्ये अहमदाबादेत असंच घडलं आणि केंद्रीय औषध नियंत्रकांना देशभर इशारा द्यावा लागला. म्हणून कुठलं औषध देताय आणि डोस कुठं भरला, हे विचारण्यात काही गैर नाही. स्वस्त म्हणून ते औषध नाकारू मात्र नये. त्याच्यामुळेच कितीतरी गरिबांची नजर टिकली आहे.

इंजेक्शन न घेण्याचा धोका याहून मोठा आहे. ओला प्रकार तसाच सोडला तर काही महिन्यांत पडद्यावर व्रण होतो आणि गेलेली नजर परत येत नाही. आत्याच्या डाव्या डोळ्याचं तेच झालं. तरीही भाताची आवणी आली की तारीख पुढं ढकलायचं तिच्या मनात येतंच. चिखलात वाकून भात लावायचा, डोळ्यावर गढूळ पाणी उडायचं, डोळा चुरचुरला की कुणीतरी मध नाहीतर तूप घालायला सांगायचं. संमतीपत्रात धोके छापलेले असतात, पण आवणीबद्दल तिथं अक्षर नसतं. वेल्ह्या-भोरकडच्या माणसाला डॉक्टरांनी हे तोंडानं सांगायला हवं: काही दिवस शेतात उतरायचं नाही, डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, दिलेल्या थेंबांखेरीज डोळ्यात काही घालायचं नाही.

इंजेक्शननंतर डोळ्याचा पांढरा भाग एके ठिकाणी लाल दिसला किंवा एक-दोन दिवस काळे ठिपके तरंगले तर सहसा घाबरायचं कारण नसतं. पण आठवडाभरात दुखणं वाढत गेलं, उजेड सहन होईना किंवा नजर आणखी अंधुक झाली, तर सकाळच्या एसटीची वाट बघू नका. मिळेल ती गाडी करून त्याच दिवशी डोळ्यांचा दवाखाना गाठा. आणि रात्री-अपरात्री, सुट्टीच्या दिवशी उचलला जाईल असा फोन नंबर लिहून घेतल्याशिवाय दवाखान्याची पायरी उतरू नका.