विमानातला फवारा आणि विमानतळाभोवतीचे चारशे मीटर

१९९४च्या उन्हाळ्यात पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळाच्या परिसरात सहा जणांना हिवताप झाला. हिवतापाच्या प्रदेशात कुणीच जाऊन आलेले नव्हते. चौघे विमानतळावर कामाला होते. उरलेले दोघे तिथून साडेसात किलोमीटरवरच्या व्हिलपारिझी गावात राहणारे. त्यांच्या शेजारी विमानतळावरचे कामगार राहत असत. त्यांच्याच मोटारीतून डास गावात पोचला असावा, असे तपास करणाऱ्यांचे मत पडले. डास आला होता उष्ण प्रदेशातून, विमानाने. त्या वर्षी फ्रान्समध्ये उन्हाळा कडक होता, म्हणून उतरल्यावरही तो तग धरू शकला.

वैद्यकात याला ‘एअरपोर्ट मलेरिया’ म्हणतात. त्यातला खरा धोका निदानाच्या उशिरात असतो. परदेशी न गेलेल्या युरोपीय रुग्णाला ताप आला, तर डॉक्टरांच्या मनात हिवताप चटकन येत नाही, आणि फाल्सिपेरम जातीच्या हिवतापात दोन-चार दिवसांचा उशीरही जिवावर बेततो.

डास विमानातून येतात याचे पुरावे जुने आहेत. लंडनच्या गॅटविक विमानतळावर १९८३च्या सुमारास उष्ण प्रदेशांतून आलेली ६७ विमाने तपासली गेली. त्यांतल्या १२ विमानांत डास सापडले. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तर बोइंग ७४७च्या चाकांच्या कप्प्यात कीटक ठेवून पाहिले. बाहेर उणे चाळीस-पन्नास अंश तापमान असताना त्या कप्प्यात ते ८ ते २५ अंशांच्या दरम्यान राहिले आणि बहुतेक डास प्रवास संपेपर्यंत जिवंत होते. चाकांच्या कप्प्यात ही गत, तर माणसांसाठी उबदार ठेवलेल्या केबिनमध्ये डासाला अडचण ती कसली?

परक्या भूमीवर आलेला डास काय करू शकतो, हे ब्राझीलने भोगले आहे. आफ्रिकेतला सर्वांत घातक हिवतापवाहक ॲनोफिलिस गँबी १९३० साली ब्राझीलच्या नाताल शहरात आढळला. डाकारहून येणाऱ्या वेगवान टपालजहाजांतून तो आला असावा. १९३८ साली ईशान्य ब्राझीलमध्ये हिवतापाची भयंकर साथ पसरली आणि हजारो माणसे दगावली. अमेरिकी आरोग्यतज्ज्ञ फ्रेड सोपर यांच्या नेतृत्वाखाली डबके अन् डबके हुडकून १९४०पर्यंत त्या डासाचे उच्चाटन झाले. एवढ्या खटाटोपाने घालवलेली पीडा पुन्हा येऊ नये, म्हणून आफ्रिकेतून येणाऱ्या विमानांत फवारणी होऊ लागली.

भारताची चिंता वेगळी आहे: पीतज्वर. हा रोग आपल्याकडे आजवर आलेला नाही. पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास, म्हणजे डेंग्यूचाच डास, आपल्या घराघरांत आहे आणि या रोगाविरुद्धची प्रतिकारशक्ती आपल्या लोकांत नाही. म्हणूनच १९५४च्या भारतीय विमान सार्वजनिक आरोग्य नियमांत लसीच्या दाखल्याबरोबर विमानाच्या फवारणीचाही विचार केलेला आहे. पीतज्वराच्या प्रदेशातून आलेले विमान रीतसर फवारलेले नसेल, तर त्यातला प्रवासीही लसीच्या नियमाखाली येतो.

फवारणीच्या मुख्य पद्धती चार. दारे बंद झाल्यावर, उड्डाणाआधी, कर्मचारी हातात डबे घेऊन मार्गिकेतून फवारत जातात, ही पहिली. दुसरीत हेच काम विमान खाली उतरू लागताना होते. तिसरीत प्रवासी चढण्यापूर्वी, सामानाचे कप्पे उघडे ठेवून फवारतात. या तिन्हींचा असर त्या फेरीपुरता. चौथी पद्धत टिकाऊ: रिकाम्या विमानाच्या भिंतींवर, पडद्यांवर आणि गालिच्यांवर पर्मेथ्रिन मारतात. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले प्रमाण सुरुवातीला गालिच्यावर चौरस मीटरला अर्धा ग्रॅम आणि इतर पृष्ठभागांवर ०.२ ग्रॅम असे आहे. त्यावर बसलेला कीटक आठ आठवड्यांपर्यंत मरतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड ही पद्धत मान्य करतात.

प्रवासी बसलेले असताना वापरतात ते डी-फिनोथ्रिन, शंभर घनमीटर हवेला ०.७ ग्रॅम. ही दोन्ही द्रव्ये पायरेथ्रॉइड गटातली. शेवंतीच्या कुळातल्या एका पांढऱ्या फुलात निसर्गतः असणाऱ्या विषावरून माणसाने ती घडवली. घरात लावतो त्या डासांच्या मॅटमधले औषधही याच गटातले. कीटकाच्या मज्जातंतूंत सोडियमचे कण आत घेणाऱ्या सूक्ष्म झडपा असतात. संदेश पुढे गेला की त्या लगेच मिटायला हव्यात. पायरेथ्रॉइड त्या मिटूच देत नाही. मज्जातंतू पुन्हा पुन्हा पेटत राहतो, कीटक थरथरतो, लुळा पडतो. माणसाच्या झडपा या द्रव्याला खूपच कमी दाद देतात आणि आपले यकृत ते झपाट्याने मोडून टाकते. मांजराच्या यकृताची ही क्षमता तोकडी असते, म्हणून पर्मेथ्रिन मांजरांना घातक ठरते.

मग हे निर्धोक मानायचे का? सूचना पाळून केलेली फवारणी सुरक्षित असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते. संवेदनशील व्यक्तींना तात्पुरता त्रास होऊ शकतो, हेही मान्य करते. पण प्रवासी एकदा श्वास घेऊन उतरून जातो, कर्मचारी मात्र वर्षानुवर्षे त्याच हवेत काम करतात. टिकाऊ फवारणी केलेल्या विमानांत काम करणाऱ्यांच्या लघवीत या द्रव्यांचे अवशेष अधिक आढळले आहेत, आणि कॅलिफोर्नियातल्या तपासणीत डोळे व त्वचा चुरचुरणे, श्वास लागणे अशा तक्रारी नोंदल्या गेल्या. त्यांच्या आरोग्याची नियमित नोंद ठेवणे, विमान पुरेसे वाळल्याशिवाय आणि हवा खेळती झाल्याशिवाय त्यांना आत न पाठवणे, ही किमान माणुसकी आहे. दम्याच्या रुग्णाला आणि गरोदर स्त्रीला तर तिकीट काढतानाच कळायला हवे की या फेरीत काय फवारले जाणार आहे.

फवाऱ्याच्या मर्यादाही ओळखायला हव्यात. आफ्रिकेतल्या अनेक डासांत त्या सोडियमच्या झडपाच बदलल्या आहेत, त्यामुळे पायरेथ्रॉइडला ते पूर्वीसारखे बळी पडत नाहीत. शिवाय डेंग्यूचा विषाणू नव्या शहरात पोचायला डासाच्या प्रवासाची गरज नसते. प्रवाशाच्या रक्तातून तो येतो, आणि उतरल्यावर त्याला स्थानिक डास तयार मिळतो. त्या माणसाला फवारा अडवू शकत नाही.

म्हणून २००५च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांतली एक अट मला सर्वांत मोलाची वाटते. विमानतळावर प्रवासी, विमाने आणि माल यांची हाताळणी होते, त्या जागेभोवती किमान चारशे मीटरपर्यंत रोगवाहक कीटकांचे नियंत्रण झाले पाहिजे. या एका अटीने दोन कामे साधतात: निघणाऱ्या विमानात डास चढत नाही, आणि आजारी प्रवासी उतरला तर त्याचा रोग पुढे न्यायला डास नसतो. मुंबईसारख्या ठिकाणी विमानतळाच्या भिंतीला लागूनच दाट वस्ती आहे. तिथे पाणी रोज पुरेसे येत नसेल, तर लोक ते पिंपांत साठवणारच आणि एडिस तिथेच अंडी घालणार. पावसाळ्यात बांधकामांवरची डबकी, टाकून दिलेले टायर आणि छपरांवरची ताडपत्री यांची त्यात भर पडते. तेव्हा त्या वस्त्यांना नियमित पाणी आणि झाकणाच्या टाक्या देणे हे आंतरराष्ट्रीय आरोग्यरक्षणाचेच काम आहे, आणि विमानातल्या फवाऱ्याइतक्याच काटेकोरपणे ते व्हायला हवे.