विवेक : साक्षीदार की मालक?

जुलै १८८२. मुंबईच्या हायकोर्टाने पुण्याच्या दोन तरुण पत्रकारांना चार महिन्यांची साधी कैद सुनावली. ‘केसरी’चे गोपाळ गणेश आगरकर आणि ‘मराठा’चे बाळ गंगाधर टिळक, दोघेही नुकते सव्विशीत आलेले. कोल्हापूरचे कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ करतात, असा मजकूर त्यांनी छापला होता. ज्या पत्रांच्या आधारावर तो उभा होता ती कोर्टात बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, पण शिक्षा टळली नाही. सवलत मिळून १०१ दिवसांनी ते डोंगरीच्या तुरुंगातून सुटले. पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगरच्या किल्ल्यात आपल्यावर नेमलेल्या गोऱ्या सोल्जराशी झालेल्या झटापटीत छत्रपतींचा मृत्यू झाला. तरुण राजाबद्दलची काळजी खरी होती, पुरावा खोटा होता.

युरोपातले तत्त्वज्ञ ज्या शब्दावर शतकानुशतके भांडले, त्याच्या मुळाशी नेमका हाच पेच आहे. मनाला जे पटलं ते खरं असतंच असं नाही. मग मनाच्या कौलाला किती मान द्यायचा? तो शब्द म्हणजे ‘कॉन्शन्स’.

त्याचं मूळ लॅटिनमधल्या ‘कॉन्शिएन्शिया’त आहे आणि मूळ अर्थ आहे ‘सोबतीने जाणणं’. एखादी गोष्ट दोघांना ठाऊक असली की दोघेही तिचे साक्षीदार. माणूस एकटा असला तरी स्वतःच्या कृत्याचा साक्षीदार तोच, असा अर्थ रोमन लेखकांच्या काळातच त्याला येऊन चिकटला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने त्यात दोन पायऱ्या पाडल्या. भलं करावं, बुरं टाळावं हे मूळ ज्ञान माणसात असतंच. ते समोरच्या प्रसंगाला लावून पाहणं म्हणजे कॉन्शन्स. लावताना चूक होऊ शकते, हे त्याने उघड मान्य केलं. चुकलेला कौलही माणसावर बंधनकारक असतो, पण जे जाणून घेणं कर्तव्यच होतं ते न जाणल्याचा दोष त्याने सुटत नाही, असं त्याचं म्हणणं. डोंगरीच्या कैद्यांच्या प्रकरणाला ही फोड नीट लागू पडते.

इंग्रजांकडे या अर्थाचा घरचा शब्द होता, ‘इनविट’. १३४० साली केंट परगण्यातल्या एका भिक्षूने तो ग्रंथाच्या नावातच वापरला होता. फ्रेंचमार्गे आलेल्या लॅटिन शब्दाने त्याला हुसकावलं. पुढे धर्मयुद्धांच्या काळात जो तो आपल्या मताला कॉन्शन्स म्हणू लागला. १६५१ साली ‘लेव्हायथन’मध्ये टॉमस हॉब्जने त्यावर बोट ठेवलं: आधी हा शब्द दोघांतिघांना ठाऊक असलेल्या गोष्टीसाठी होता, मग स्वतःच्या गुपितांसाठी झाला आणि शेवटी आपल्याच मतांच्या प्रेमात पडलेल्यांनी त्या मतांना हे आदरणीय नाव देऊन टाकलं. त्याच शतकाच्या उत्तरार्धात कडवर्थ आणि लॉक यांनी नुसत्या जाणिवेसाठी ‘कॉन्शसनेस’ हा शब्द तत्त्वज्ञानात रुळवला. फ्रेंचमध्ये आजही दोन्ही अर्थ एकाच शब्दात राहतात. इंग्रजीत त्यांनी वेगळी चूल मांडली. जाणणं एकीकडे गेलं आणि कॉन्शन्सकडे उरली ती मनाची टोचणी. अठराव्या शतकात बिशप बटलरने या टोचणीला थेट न्यायासनावर बसवलं. १८९८ मध्ये कायद्यानेही तिला जागा दिली, आणि तीही सैनिक भरतीच्या आधी देवीच्या लसीच्या बाबतीत. मुलाला लस टोचून घेण्यास मनापासून हरकत असलेल्या पालकांना ब्रिटिश पार्लमेंटने सूट दिली. सैनिक भरतीला नकार देणाऱ्यांना ती सवलत १९१६ मध्ये मिळाली.

हा शब्द मराठीत आला तो ‘सदसद्विवेकबुद्धी’ होऊन. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’च्या सहाव्या प्रकरणात टिळकांनी त्याची झडती घेतली. भल्याबुऱ्याचा निवाडा करणारी वेगळी देवता मनात बसलेली आहे, हे पाश्चात्त्य मत त्यांना मान्य नव्हतं. निवाडा करणारी बुद्धी एकच. सगळ्याच विषयांत निर्णय तीच करते, फक्त ती शुद्ध आणि स्थिर असायला हवी. म्हणजे आतून कौल आला एवढ्याने भागत नाही, कौल देणाऱ्याची पात्रता तपासावी लागते. तुकोबांनी बहुमत बाजूला सारून मनाची ग्वाही मानली खरी, पण ते मन त्यांनी आधी किती घासूनपुसून घेतलं होतं हे त्यांची गाथाच सांगते.

ही कसोटी टिळकांनाही लावावी लागते. १८९९ साली कोल्हापुरात वेदोक्त प्रकरण पेटलं. छत्रपती शाहू महाराजांसाठीही वेदोक्त मंत्र म्हणायला पुरोहिताने नकार दिला. नकार देणाऱ्याला आपण धर्म पाळतो आहोत असंच वाटत होतं, आणि १९०१ मध्ये टिळकांनी ‘वेदोक्ताचे खूळ’ लिहून त्याच बाजूला बळ दिलं. महाराजांचा कौल वेगळा होता. तो त्यांनी अंतःकरणात ठेवला नाही, हुकूमनाम्यात उतरवला. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने संस्थानाच्या नोकऱ्यांतल्या पन्नास टक्के रिकाम्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या गेल्या. ज्यांना याची झळ बसणार होती ते त्यावर जाहीर वाद घालू शकत होते, आणि त्यांनी तो घातलाही.

जोतीराव फुल्यांनी तर हा प्रश्न थेट घरात आणला होता. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी असं कुटुंब कल्पिलं, की त्यातली आई बौद्ध, बाप ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी, प्रत्येकाने त्या त्या धर्माचं पुस्तक वाचून आपला निर्णय घ्यायचा आणि कोणी कोणाचा द्वेष करायचा नाही. इथे वाचणं आधी येतं, कौल नंतर.

राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदात सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य धर्माचरणाच्याही आधी येतं, आणि ते केवळ नागरिकांना नाही तर सर्व व्यक्तींना आहे. या हक्काची अगदी साधी जागा म्हणजे फॉर्ममधला धर्माचा रकाना. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की सरकार कोणालाही धर्म जाहीर करायला भाग पाडू शकत नाही आणि ‘कोणताही धर्म नाही’ असं सांगण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. 

राजकारणात मात्र हॉब्जची भीती खरी ठरली. १९६९ च्या राष्ट्रपती निवडणुकीत इंदिरा गांधींनी विवेकानुसार मतदानाची हाक दिली; काँग्रेसचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी पडले, अपक्ष व्ही. व्ही. गिरी निवडून आले. तेव्हापासून ‘आतला आवाज’ पक्षांतराच्या सोयीचा झाला. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षादेश मोडून मत देणाऱ्याचं सदस्यत्व जाईल अशी तरतूद केली. त्यात संधिसाधूंसोबत प्रामाणिक मतभेद असलेलेही बांधले गेले. आतला आवाज ऐकण्याआधी मनाला शिस्त लावावी लागते, ही अट १९३३ च्या उपोषणाच्या वेळी गांधीजींनी घातली होती. ती अट वगळून आवाज तेवढा उरला.

म्हणून मराठीने या शब्दाच्या मधोमध ‘विवेक’ ठेवला, हे आपल्या पथ्यावर पडलं आहे. विवेक म्हणजे निवड, पारख. पारख करणाऱ्याला कारण विचारता येतं. ‘माझं मन सांगतं’ असं म्हणून कोणी चर्चा मिटवू पाहील, तेव्हा ते मन कशाच्या आधारावर सांगतं, हे विचारण्याचा हक्क ऐकणाऱ्याला आहे. डोंगरीच्या त्या दोघांना कोर्टाने तेवढंच विचारलं होतं.